'हू' म्हणजे 'कोण' आणि 'हू' म्हणजे 'जो' : रिलेटिव्ह क्लॉजने वाक्ये जोडताना



आठवी ते दहावीच्या इंग्रजी व्याकरणात दोन वाक्ये जोडण्याचा एक ठरलेला प्रश्न असतो. दोन छोटी वाक्ये दिलेली असतात आणि 'हू', 'विच', 'हूज' किंवा 'व्हेअर' वापरून त्यांचे एक वाक्य करायचे असते. गुण एक किंवा दोन. पण आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांच्या वह्या तपासायला बसलो की एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते :

"द बॉय हू केम यस्टर्डे ही इज इल."

आपण त्या 'ही'वर लाल रेघ मारतो आणि पुढे जातो. मुलाला कळत नाही की 'ही' का नको. पुढच्या वेळी तो तसेच लिहितो. चार-पाच वेळा रेघ मारली गेली की त्याच्या मनात एक गोष्ट पक्की होते : "मला इंग्रजी येत नाही, कारण मी मराठीत विचार करतो." वालचंदनगर, जंक्शन, अंथुर्णे, लासुर्णे, बेलवाडी, सणसर या भागातल्या मुलांच्या तोंडून हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. काही पालकही तेच म्हणतात.

माझे म्हणणे याच्या उलट आहे. ती 'ही' मुलाच्या निष्काळजीपणातून आलेली नाही. ती मराठीच्या अगदी शुद्ध व्याकरणातून आलेली आहे. मराठीत ती हवीच असते, इंग्रजीत ती नको असते. एवढा फरक मुलाला एकदा नीट दाखवला तर हा धडा सोपा होतो. म्हणून आज हा धडा मराठीच्या बाजूने सुरू करू.

(इंग्रजी वाक्ये मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. घरी ज्या आई-वडिलांना इंग्रजी वाचायची सवय नाही, त्यांनाही ती मुलासमोर मोठ्याने वाचता यावीत. फळ्यावर मात्र नेहमीप्रमाणे इंग्रजीतच लिहावीत.)

क विचारतो, ज जोडतो, त दाखवतो

मराठीत आपल्याकडे शब्दांच्या तीन सुंदर रांगा आहेत. फळ्यावर अशा लिहा :

कोण – जो – तो
कुठे – जिथे – तिथे
केव्हा – जेव्हा – तेव्हा
कसा – जसा – तसा
किती – जितका – तितका

पहिली रांग 'क'ची. ती प्रश्न विचारते. दुसरी रांग 'ज'ची. ती वाक्य जोडते. तिसरी 'त'ची. ती बोट दाखवते. 'जो' आला की मागोमाग 'तो' येतो. बैलजोडीसारखे आहे, एकाला सोडून दुसरा चालत नाही.

मुलांना हे शिकवावे लागत नाही. ते घरी रोज ऐकतात. 'ज्याचं जळतं त्यालाच कळतं', 'जशी करणी तशी भरणी', 'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी'. वर्गात विचारा, "अशा आणखी म्हणी सांगा." पाच मिनिटांत फळा भरतो. मग सांगा की मराठी व्याकरणात 'जो-जी-जे' यांना आपण संबंधी सर्वनाम म्हणतो आणि अशा वाक्याला मिश्र वाक्य. त्यातला 'जो'वाला भाग म्हणजे विशेषण वाक्य. इंग्रजीतला रिलेटिव्ह क्लॉज म्हणजे तेच. मराठीच्या तासाला जे शिकवले, तेच इंग्रजीच्या तासाला वेगळ्या कपड्यांत आले आहे, हे मुलांना कळले की निम्मी भीती जाते.

आता इंग्रजी काय करते ते बघा. तिथे दोनच गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली गोष्ट : इंग्रजीने 'क' आणि 'ज' या दोन रांगा एकत्र केल्या आहेत. 'हू' म्हणजे 'कोण' आणि 'हू' म्हणजे 'जो' सुद्धा. 'व्हेअर' म्हणजे 'कुठे' आणि 'जिथे' सुद्धा. 'व्हेन' म्हणजे 'केव्हा' आणि 'जेव्हा' सुद्धा. आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे मूल लहानपणापासून 'हू म्हणजे कोण' असे पाठ करत आलेले असते. आठवीत अचानक प्रश्नचिन्ह नसलेल्या वाक्यात 'हू' दिसतो आणि ते गोंधळते. "सर, इथं प्रश्न कुठाय?" ही शंका अगदी योग्य आहे. तिचे उत्तर एका ओळीचे आहे : वाक्याच्या सुरुवातीला प्रश्न विचारणारा 'हू' म्हणजे 'कोण', आणि नामाला चिकटून बसलेला 'हू' म्हणजे 'जो'.

दुसरी गोष्ट : इंग्रजी 'त' सोडून देते. मराठीत 'जो मुलगा काल आला होता, तो आज आजारी आहे'. इंग्रजीत 'जो' येतो, 'तो' येत नाही. "द बॉय हू केम यस्टर्डे इज इल." मुलाने लिहिलेली ती जादा 'ही' म्हणजे आपला 'तो' आहे. मुलाला असेच सांगा : "तू मराठीचा 'तो' सोबत आणलास. मराठीत तो बरोबर आहे, पण इंग्रजीच्या दारात त्याला चपलांसारखं बाहेर ठेवायचं." मुले हसतात आणि लक्षात ठेवतात.

जोडायचे कसे : पाच पायऱ्या

आता प्रत्यक्ष जोडणी. आपल्या गावचेच उदाहरण घेऊ.

"द बस वॉज लेट. द बस कम्स फ्रॉम बारामती."

पायरी १ : दोन्ही वाक्यांत सारखे काय आहे ते शोधा आणि गोल करा. इथे 'द बस'. सारखे काही नसेल तर रिलेटिव्ह क्लॉजने जोडता येत नाही.

पायरी २ : मुख्य गोष्ट कोणती आणि ओळख पटवणारी माहिती कोणती ते ठरवा. बस उशिरा आली ही मुख्य गोष्ट. कोणती बस? बारामतीहून येणारी. म्हणजे दुसरे वाक्य क्लॉज होणार.

पायरी ३ : क्लॉजमधला सारखा शब्द काढून त्याच्या जागी योग्य शब्द ठेवा. वस्तू आहे म्हणून 'विच'. "विच कम्स फ्रॉम बारामती."

पायरी ४ : हा तुकडा उचलून त्या नामाच्या लगेच पुढे ठेवा. मध्ये काही नको. "द बस विच कम्स फ्रॉम बारामती..."

पायरी ५ : मुख्य वाक्याचा उरलेला भाग लावा आणि मोठ्याने वाचा. जादा 'ही', 'शी', 'इट', 'दे' राहिला आहे का ते बघा. "द बस विच कम्स फ्रॉम बारामती वॉज लेट."

पायरी ३ मध्ये एक अडचण येते. सारखा शब्द क्लॉजच्या शेवटी असला की मुले तो काढायला विसरतात.

"आय लॉस्ट द पेन. यू गेव्ह मी द पेन."

मुले लिहितात, "आय लॉस्ट द पेन विच यू गेव्ह मी इट." इथे 'विच' हाच पेन आहे. तो शेवटच्या जागेवरून उठून पुढे आला. त्याची जुनी जागा रिकामीच राहिली पाहिजे. एसटीत उठून दाराशी गेलेला माणूस त्याच वेळी मागच्या सीटवर बसलेला नसतो. म्हणून, "आय लॉस्ट द पेन विच यू गेव्ह मी." बोलण्यात इथला 'विच' गाळतातही, "द पेन यू गेव्ह मी". पण जोडण्याच्या प्रश्नात तो लिहायला लावावा.

हू, हूम, हूज : मराठी विभक्ती इथे फसवते

'जो' म्हणजे 'हू', 'ज्याला' म्हणजे 'हूम', 'ज्याचा' म्हणजे 'हूज' असा तक्ता बऱ्याच गाईडमध्ये असतो. तो अर्धाच खरा आहे. ही दोन वाक्ये बघा :

"ज्या मुलीला इंग्रजी येतं ती."
"ज्या मुलाने खिडकी फोडली तो."

पहिल्यात 'ला' आहे म्हणून मुले 'हूम' लिहितात. पण इंग्रजीत ती मुलगी कर्ता आहे : "शी नोज इंग्लिश." म्हणून "द गर्ल हू नोज इंग्लिश." मराठीत ताप मला येतो, भूक मला लागते, भाषा मला येते. इंग्रजीत तीच माणसे कर्ता होऊन पुढे बसतात. दुसऱ्यात 'ने' आहे, तरी तिथेही 'हू'च, कारण "ही ब्रोक द विंडो."

म्हणून मराठी प्रत्यय बघू नका. क्लॉज आधी साधे इंग्रजी वाक्य म्हणून म्हणा आणि सर्वनाम तपासा :

ही, शी, दे असेल तर हू.
हिम, हर, देम असेल तर हूम.
हिज, हर, देअर असे मालकी दाखवणारे असेल तर हूज.
वस्तू किंवा प्राणी असेल तर विच.
जागेबद्दल 'देअर' म्हणजे 'तिथे' असेल तर व्हेअर.

'दॅट' हा शब्द 'हू' आणि 'विच' दोघांच्या जागी बऱ्याचदा चालतो, पण स्वल्पविरामानंतर चालत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

जागा चुकली की अर्थ बदलतो

मराठीत 'जो, जी, जे' लिंग सांगतात. त्यामुळे शब्द थोडा लांब गेला तरी अर्थ सापडतो. 'डॉक्टरांची बहीण, जी बारामतीत राहते' म्हटले की 'जी' बहिणीलाच लागू होते. इंग्रजीतल्या 'हू'ला लिंग नाही, वचन नाही. तो कोणाबद्दल बोलतो हे फक्त त्याच्या जागेवरून कळते. वर्गात हे वाक्य लिहा :

"शी टाइड द गोट टू द ट्री विच वॉज हंग्री."

विचारा, भूक कोणाला लागली? वाक्याप्रमाणे झाडाला! "शी टाइड द गोट विच वॉज हंग्री टू द ट्री" असे लिहिले की भूक शेळीकडे परत येते. नियम पाठ करून घेण्यापेक्षा असे एक वाक्य जास्त काम करते.

'ऊस तोडणारे' कुठे बसतात?

खरे तर बोलताना आपण दर वेळी 'जो-तो' वापरत नाही. 'काल आलेला मुलगा', 'ऊस तोडणारे मजूर', 'मी वाचलेलं पुस्तक' असे म्हणतो. ही 'णारा' आणि 'लेला'ची रूपे नामाच्या आधी बसतात. इंग्रजीत तीच माहिती नामाच्या नंतर जाते. म्हणून मध्ये एक पायरी घाला :

ऊस तोडणारे मजूर
जे मजूर ऊस तोडतात ते
द वर्कर्स हू कट शुगरकेन

यात आणखी एक बारकावा आहे. 'णारा' काळ सांगत नाही. 'रोज येणारी एसटी' आणि 'उद्या येणारे पाहुणे' यांत रूप एकच, काळ वेगळा. इंग्रजीत काळ ठरवल्याशिवाय क्रियापद लिहिताच येत नाही : "द बस विच कम्स एव्हरी डे", "द गेस्ट्स हू विल कम टुमॉरो". म्हणून मुलांना 'केव्हा?' हा प्रश्न आधी विचारायला लावा.

उलट दिशेचीही काळजी घ्यायला हवी. हल्ली 'तो मुलगा जो काल आला होता आजारी आहे' अशी वाक्ये मराठीत लिहिलेली दिसतात. ही इंग्रजीची सावली आहे. इंग्रजी शिकवताना आपण मुलांची मराठी वाकवायची नाही. 'काल आलेला मुलगा आजारी आहे' हे किती सरळ वाटते ते त्यांना ऐकू द्या.

स्वल्पविराम : 'जो' लावून बघा

या धड्यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे स्वल्पविराम. कधी द्यायचा आणि कधी नाही? इथे तर मराठी थेट मदतीला येते. नामाच्या आधी 'जो' लावून बघा. वाक्य नैसर्गिक वाटले तर स्वल्पविराम नको. विचित्र वाटले तर स्वल्पविराम हवा.

"जी बस बारामतीहून येते ती." नैसर्गिक आहे. बस अनेक, त्यातली एक निवडली. स्वल्पविराम नको.

"जी नीरा नदी आपल्या भागातून वाहते ती." कानाला खटकते. जणू नीरा नद्या दोन-चार आहेत! नीरा एकच, तिची ओळख आधीच पक्की आहे, आपण फक्त जादा माहिती देतो. म्हणून स्वल्पविराम :

"द नीरा, विच फ्लोज थ्रू अवर एरिया, मीट्स द भीमा ॲट नरसिंहपूर."

तसेच, "जे वालचंद हिराचंद सोलापूरला जन्मले ते" असे आपण म्हणणार नाही. वालचंद हिराचंद एकच. १८८२ साली त्यांचा सोलापुरात जन्म झाला आणि आपल्या गावाला त्यांचेच नाव आहे. म्हणून :

"वालचंद हिराचंद, हू वॉज बॉर्न इन सोलापूर, हेल्प्ड टू स्टार्ट अ शिपिंग कंपनी."

ती कंपनी म्हणजे सिंधिया स्टीम नेव्हिगेशन. तिचे 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. तो दिवस आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. याचे वाक्य करून घ्या : "द लॉयल्टी, विच सेल्ड फ्रॉम मुंबई इन १९१९, वॉज अ स्टीमशिप." जहाज एकच, नाव घेतले आहे, म्हणून स्वल्पविराम. अशा जागी 'दॅट' चालत नाही, कारण 'दॅट' निवड करण्यासाठी असतो आणि इथे निवडण्यासारखे काही उरलेलेच नाही.

स्वल्पविरामाने अर्थ किती बदलतो ते घरच्या उदाहरणाने दाखवा. "माय ब्रदर हू लिव्हज इन पुणे" म्हणजे भाऊ एकापेक्षा जास्त, त्यातला पुण्याचा. "माय ब्रदर, हू लिव्हज इन पुणे," म्हणजे भाऊ एकच आणि तो पुण्यात राहतो. दोन टिंबांनी घरातली माणसे कमी-जास्त होतात!

उदाहरणे आपल्याच परिसरातली घ्या

पुस्तकातले अनोळखी मिस्टर आणि मिसेस बाजूला ठेवा. मुलाला जे माहीत आहे त्याबद्दल वाक्य करायला दिले की लक्ष फक्त रचनेकडे राहते. काही नमुने :

"बेलवाडी इज द व्हिलेज व्हेअर द वारकरीज सी द रिंगण." तुकोबांच्या पालखीचे गोल रिंगण आपल्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असते.

"द फ्लेमिंगोज विच कम टू भिगवण स्टँड इन द बॅकवॉटर ऑफ उजनी."

"वालचंदनगर इज द टाऊन व्हेअर पार्ट्स ऑफ इंडियन रॉकेट्स आर मेड." ज्या मुलांच्या घरातले कोणी कंपनीत कामाला आहे, ती हे वाक्य छाती पुढे काढून वाचतात. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या मोटरची आवरणे इथल्या कारखान्यात बनली आहेत, हे ज्यांना माहीत नाही त्यांना या निमित्ताने कळते.

पालकांसाठी : इंग्रजी येत नसले तरी चालेल

पालकहो, या धड्यात तुमची मोठी मदत होऊ शकते आणि त्यासाठी इंग्रजी यायची गरज नाही. फक्त एक प्रश्न विचारायचा : "कोणता?"

मूल म्हणाले, "आई, तो शर्ट दे." विचारा, "कोणता?" ते म्हणेल, "जो दोरीवर वाळत घातलाय तो." झाले! हाच रिलेटिव्ह क्लॉज. मग म्हणा, "आता हेच इंग्रजीत सांग." "द शर्ट विच इज ऑन द रोप." 'कोणता?' या प्रश्नाचे उत्तर म्हणजे क्लॉज, हे एकदा डोक्यात बसले की परीक्षेत दोन वाक्ये दिसताच मूल मनात तोच प्रश्न विचारते. रोज दोन वाक्ये, पंधरा दिवस. कारखान्याची पाळी करून आलेल्या वडिलांनाही चहा पिता पिता हे जमते.

एक विनंती आहे. मुलाने 'ही' किंवा 'इट' जादा घातला तर "तुला येत नाही" असे म्हणू नका. "तुझा 'तो' आत आला बघ" एवढेच म्हणा. चूक कुठून आली हे मुलाला कळले की ते स्वतःच ती काढते. पुढे मुलाखतीत कोणी विचारले, तू कुठे काम केलेस, तर "आय वर्क्ड इन अ शॉप. इट सेल्स पंप्स" असे तुटक बोलण्याऐवजी "आय वर्क्ड इन अ शॉप विच सेल्स पंप्स" असे त्याला सहज म्हणता यावे. परीक्षेतले दोन गुण त्याच्या मागोमाग येतातच.

सराव

आधी मुलांना करू द्या, मग उत्तरे बघा.

१. धिस इज द फार्मर. ही सेल्स अस मिल्क.
२. द गर्ल इज ॲब्सेंट. हर मदर इज अ नर्स.
३. दॅट इज द टीचर. आय मेट हिम इन इंदापूर.
४. धिस इज द फील्ड. वुई प्ले क्रिकेट देअर.
५. द मँगोज वेअर स्वीट. यू बॉट देम.
६. उजनी डॅम इज ऑन द भीमा. इट गिव्हज वॉटर टू मेनी फार्मर्स.

उत्तरे

१. धिस इज द फार्मर हू सेल्स अस मिल्क.
२. द गर्ल हूज मदर इज अ नर्स इज ॲब्सेंट.
३. दॅट इज द टीचर हूम आय मेट इन इंदापूर. ('हिम' गेला.)
४. धिस इज द फील्ड व्हेअर वुई प्ले क्रिकेट. ('देअर' गेला.)
५. द मँगोज विच यू बॉट वेअर स्वीट. ('देम' गेला.)
६. उजनी डॅम, विच गिव्हज वॉटर टू मेनी फार्मर्स, इज ऑन द भीमा. (उजनी एकच, म्हणून स्वल्पविराम.)

वर्गात हे सहा प्रश्न झाले की प्रत्येकाला आपल्या घराबद्दल, शेताबद्दल किंवा गल्लीबद्दल दोन साधी वाक्ये लिहायला सांगा आणि शेजारच्याने ती जोडायची. तपासताना प्रत्येक जादा 'ही', 'इट', 'देम'वर रेघ मारण्याआधी त्याच्या वर छोटासा 'तो' लिहा. आठवडाभरात वह्यांमधले हे 'तो' मोजा. ते कमी होत गेलेले मुलांना स्वतःलाच दिसतील.